सुताराला हत्यारे मिळाली, जागेचे काय?



राहत्या घरात सुतारकामाचा छोटा धंदा चालवण्यासाठी नगररचना खात्याची परवानगी मिळवणे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. रोजगार, महागाई, जमिनीचे केंद्रीकरण असे मोठे प्रश्न समोर असताना एवढ्याशा विषयाला हात का घालावा, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शहरातील जागेचा वापर कोणी ठरवायचा आणि त्या जागेत हाताने काम करणाऱ्या माणसाला कोणते स्थान द्यायचे, हा मोठा प्रश्न सामान्य माणसाच्या दाराशी येतो तो अशाच एखाद्या अर्जाच्या किंवा नोटिशीच्या रूपाने. म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश असून त्यांत सुतारकाम आहे. हत्यारांच्या संचासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षण, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. योजना चांगली की अपुरी, हा वाद बाजूला ठेवू. प्रश्न असा की, हा हत्यारांचा संच घेऊन सुताराने उभे कोठे राहायचे? औद्योगिक वसाहतीतील गाळा त्याच्या आवाक्याबाहेरचा आणि रस्त्याच्या कडेला बसला तर तो अतिक्रमण करणारा ठरतो. उरते त्याचे राहते घर. तेथे मात्र त्याच शासनाचा दुसरा कायदा त्याची वाट अडवून उभा असतो.

हा कायदा म्हणजे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. विकास आराखडा करण्याचा इरादा जाहीर झालेल्या क्षेत्रात परवानगीवाचून जागेचा वापर बदलता येत नाही, असे त्याचे कलम ४३ सांगते. भिंतीची एक वीटही न हलवता, राहत्या खोलीत व्यवसाय सुरू केला, तरी तो वापरातील बदल ठरू शकतो. मुंबईत याखेरीज १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३९० आहे. विजेवर यंत्रे चालणारा कारखाना नव्याने उघडायचा तर त्यासाठी आयुक्तांची परवानगी लागते. शिवाय घरगुती मीटरवर धंद्याची यंत्रे चालवली, तर २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरवून दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

आता कोणी म्हणेल की, घरी बसून करण्याच्या व्यवसायाला नियमांत मुभा आहेच. ती आहे, पण ती कोणाला आहे, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गृहव्यवसायाची व्याख्या दिलेली होती. तिचा आशय असा: व्यवसाय घरात राहणाऱ्या कुटुंबीयानेच करावा, पगारी मजूर लावू नये, आत व्यवसाय चालतो हे बाहेरून दिसेल असे काही लावू नये, आणि घरगुती उपयोगात असतात त्याहून वेगळी यंत्रे वापरू नयेत. शिकवणी घेणारा, हिशेब लिहिणारा किंवा शिवणयंत्रावर काम करणारी गृहिणी या व्याख्येत सहज बसतात. त्याच नियमावलीने निवासी इमारतीत तेथेच राहणाऱ्या डॉक्टरला दवाखाना आणि अन्य व्यावसायिकाला कचेरी चालवण्याची वेगळी सोय ठेवली होती. सुतार मात्र या व्याख्येच्या उंबरठ्यावरच अडतो. फळी धरायला दुसरा माणूस लागतो. तो घरचा नसेल तर पगारी ठरतो. विजेवर चालणारा रंधा आणि गोल करवत ही घरगुती यंत्रे नव्हेत. मुंबईत २०१८ पासून २०३४ सालापर्यंतची नवी नियमावली लागू झाली, उर्वरित राज्याच्या बहुतेक भागासाठी २०२० साली एकत्रित नियमावली आली. तरी कोणत्या विभागात कोणता धंदा चालेल याच्या याद्या करण्याची मूळ पद्धत टिकून आहे. पेनाने केलेले काम घरात शोभते आणि पटाशीने केलेले शोभत नाही, असा एक न बोललेला समज या सगळ्यामागे आहे.

हा समज आला कोठून? जर्मनीत फ्रँकफर्ट शहराने १८९१ साली आणि अमेरिकेत न्यूयॉर्कने १९१६ साली शहराचे विभाग पाडून बांधकामावर आणि जागेच्या वापरावर नियंत्रण आणले. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातील युक्लिड या गावच्या खटल्यात ही पद्धत वैध ठरवली. धुराचे कारखाने आणि चामडे कमावण्याचे धंदे वस्तीपासून दूर ठेवण्याचा त्यातील हेतू निर्विवाद हितकारक होता. परंतु त्याच निकालाने स्वतंत्र घरांच्या वस्तीत भाड्याच्या खोल्यांच्या इमारतींनाही उपद्रवाच्या सदरात घातले. म्हणजे धुरापासून संरक्षण आणि गरीब शेजाऱ्यापासून संरक्षण या दोन गोष्टी आरंभापासूनच एकमेकींत मिसळल्या.

आपल्याकडील गावे या साच्यात वाढलेली नाहीत. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि रंगीत फळे घडवण्याचे काम घराला लागूनच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. धारावीच्या कुंभारवाड्यात घर, भट्टी आणि अंगण यांची फारकत करता येत नाही. या रचनेचे गोडवे मात्र कोणी गाऊ नयेत. धंद्याची आळी ही बहुधा जातीची आळी होती, आणि बलुतेदार सुताराला जागा मिळत होती ती नागरिक म्हणून नव्हे, तर जातीने नेमून दिलेल्या सेवेच्या बदल्यात. आज जो सुतार परवानगी मागतो तो हक्काची जागा मागतो. म्हणून ही मागणी जुन्या गावगाड्याकडे परतण्याची नाही.

आता दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने पाहिली पाहिजे. लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. नाकाच्या व त्यालगतच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध आहे. करवतीचा कर्कश आवाज, पॉलिशमधील ज्वालाग्राही द्रव्ये, कोपऱ्यात साचलेल्या ढलप्या, या सर्वांचा धोका चाळीतील प्रत्येक कुटुंबाला पोचतो. रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याची झोप ही चैन नव्हे, आणि सुताराचा शेजारीही बहुधा श्रमिकच असतो. शिवाय घरात धूळ उडाली तर ती पहिल्याने सुताराच्या मुलांच्याच छातीत जाते. तेव्हा गरिबाला करू द्या काय करायचे ते, असे म्हणून मोकळे होणे म्हणजे गरिबाची बाजू घेणे नव्हे.

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. पिगू यांनी १९२० साली मांडले की, एकाच्या उत्पादनाचा खर्च दुसऱ्यावर पडत असेल तर शासनाने मध्ये पडावे. रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात १८७९ चा एक इंग्रजी खटला चर्चेला घेतला. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याचे खल-बत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने नंतर त्याच भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. कोस यांचे म्हणणे असे की, हानी दुतर्फी असते: आवाज थांबवला तर मिठाईवाल्याचे नुकसान, न थांबवला तर डॉक्टरचे. वाटाघाटीला खर्च पडत नसेल तर दोघे आपापसांत मार्ग काढतील. दुतर्फी हानीचा हा मुद्दा मोलाचा आहे. पण वाटाघाटीला बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर अवलंबून असेल, तर ती वाटाघाट बरोबरीची होत नाही. म्हणूनच सार्वजनिक नियम हवा. नियम असावा की नसावा हा प्रश्नच नाही. तो कशावर आधारलेला असावा, हा प्रश्न आहे.

आजचा नियम धंद्याचे नाव विचारतो. त्याने धंद्याचा परिणाम मोजला पाहिजे. मोजण्याची साधने आपल्याकडे आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली उद्योगांची वर्गवारी केली, तेव्हा लाकूड-गिरण्या वगळून, विजेच्या यंत्रांवर चालणारे सुतारकाम व लाकडी सामानाचे उत्पादन हिरव्या, म्हणजे कमी प्रदूषणाच्या गटात ठेवले. आवाज किती, धूळ पकडण्याची सोय आहे का, आगीपासून बचावाचे साधन आहे का, काम किती ते किती वाजेपर्यंत चालते, या चार गोष्टी तपासून परवानगी देता येईल. ज्या घरात त्या पाळल्या जाणार नाहीत तेथे ती नाकारावी. पण लेखी कारणासह नाकारावी. शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकावे. मात्र त्यांची नापसंती हेच नकाराचे कारण होऊ नये.

दुसरी सूचना कामाच्या स्वरूपातून निघते. सुतारकामाचे सर्व टप्पे सारखे त्रासदायक नसतात. कापणे, यंत्राने रंधणे, घासणे आणि पॉलिश करणे यांत आवाज, धूळ किंवा आग यांचा धोका आहे. आखणी, सांधे बसवणे, कोरीवकाम, जुळणी यांत तो फार थोडा आहे. तेव्हा प्रत्येक प्रभागात नगरपालिकेच्या जागेवर सामाईक यंत्रशाळा उभी करावी, ती सुतारांच्या सहकारी संस्थेने चालवावी, आणि हातकामाचे टप्पे घरी करण्यास सरसकट मुभा असावी. हत्यारांसाठी पैसा देणाऱ्या शासनाला या यंत्रशाळेचा खर्च जड वाटू नये.

हे झाले नाही तर काय होते, तेही दिसते आहे. परवानगी मिळण्यासारखी नसते तेव्हा धंदा बंद पडत नाही. तो लपून चालतो. लपलेल्या धंद्यात धूळ पकडण्याच्या यंत्रावर कोणी खर्च करत नाही, कारण उद्या नोटीस आली तर सारेच जायचे असते. त्या भीतीवर हप्ता घेणाऱ्यांचे पोट भरते. दिल्लीत निवासी भागांतील कारखाने बंद करण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा नोव्हेंबर २००० मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि त्यात माणसे प्राणांस मुकली. मालकांना बवानासारख्या दूरच्या ठिकाणी भूखंड मिळाले. ज्यांचे घर जुन्या वस्तीत होते त्या कामगारांचा हिशेब त्यात नव्हता.

उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात म्हटले. त्या वेळी त्या रहिवाशांची घरे वाचली नाहीत, पण तत्त्व प्रस्थापित झाले. फेरीवाल्यांनी पुढे दीर्घकाळ संघटित लढा दिला. त्यातून २०१४ चा कायदा झाला आणि नगर पथविक्रेता समितीत त्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना स्थान मिळाले. घरी बसून घडवणाऱ्या कारागिराला असा कायदा नाही, कारण तो आपापल्या खोलीत एकटा असतो आणि त्याचा अर्जही एकट्याचा असतो.

म्हणून हे अर्ज एकेकट्याने न करता प्रभागातील सुतारांनी मिळून करावेत. १९६६ च्या अधिनियमात साठ दिवसांत निर्णय कळवण्याचे बंधन आहे, आणि नकाराविरुद्ध चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. या तरतुदींचा वापर कारागिरांनी केला पाहिजे आणि शिकलेल्या मंडळींनी त्यांना अर्ज लिहिण्यास साहाय्य केले पाहिजे. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा बांधकाम व्यावसायिकांचे वकील हजर असतात. प्रभागातील सुतारांनीही तेथे आपली लेखी हरकत घेऊन हजर राहावे. सामाईक यंत्रशाळेसाठी आरक्षण मागण्याची ती वेळ असते, आणि आराखडा एकदा मंजूर झाला की पुढची अनेक वर्षे ती संधी पुन्हा येत नाही.