साहित्य आणि समाजवाद : नाशिकची साक्ष



साहित्याचा राजकीय विचाराशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर शोधायला नाशिकबाहेर जाण्याचे कारण नाही. कायदेभंगाच्या काळात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी ही मंडळी एकत्र आली. तेथील चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. त्याच तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. ग्रामीण कर्जाची कोष्टके फळ्यावर मांडली. पण सावकाराच्या जप्तीने घरातल्या बाईच्या मनाचे काय होते, हे विद्यार्थ्यांना त्या पुस्तकातून अधिक कळले. विचार दुःखाचे कारण सांगतो. ते कोणी सोसले, हे साहित्य सांगते.

परंतु येथेच थांबलो तर ती आत्मवंचना ठरेल. ते पुस्तक लिहिले जात होते तेव्हा याच शहरात काळाराम मंदिराचे दार दलितांना बंद होते. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहानंतरही ते उघडले नव्हते. श्यामची आई मोळीवाल्या वृद्ध महार बाईला हात द्यायला मुलाला सांगते. ही करुणा मोठीच आहे. १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी प्राण पणाला लावून गुरुजींनी तिला कृतीची जोड दिली. तरी त्या वृद्धेच्या समाजाचे स्वतःचे म्हणणे मराठी कथेत पुरतेपणी यायचे होते.

ते नाशिकजवळच्या विहितगावी जन्मलेल्या बाबूराव बागुलांनी आणले. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह निघाला. शीर्षककथेतील रेल्वे कामगाराची जात उघड होते, आणि त्याला मारणारे त्याच्याबरोबर राबणारेच असतात. वर्ग जागा झाला की जात आपोआप गळेल, हे आपल्यातील अनेकांचे गृहीत त्या मारहाणीत कोसळते. डॉ. लोहियांनी जातीचा प्रश्न आपल्यापुढे मांडलाच होता. आपण ठराव केले, पण आपल्या शाखांतील पंगती आणि पदे तपासली नाहीत.

म्हणून साहित्याने पक्षाचा प्रचार करावा, अशी अपेक्षा धरू नका. अभ्यासवर्गात ठरावाआधी एक कथा वाचा आणि आपला ठराव तिच्यापुढे कोठे तोकडा पडतो, ते प्रामाणिकपणे पाहा. जो विचार या परीक्षेला भितो, त्याला माणसांच्या दारापर्यंत जाता येईल. आत मात्र कोणी घेणार नाही.