आमचे बिशप आणि आम्ही



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला मांडता?" त्यांस आमचे उत्तर असे की, हे भांडण नव्हे. शिवाय आमच्या वसईत ख्रिस्तसभेचा कारभार ही केवळ ख्रिस्त्यांची घरगुती बाब राहिलेली नाही. तिच्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात, तिच्या इस्पितळांत सर्व जातींचे रोगी जातात. तेव्हा हा कारभार कसा चालतो आणि आम्हां प्रापंचिक कॅथलिकांना त्याविषयी काय वाटते, हे सर्वांनी ऐकले तर बिघडत नाही.

रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात दुसरी एक सभा भरते. तिला अध्यक्ष नसतो, इतिवृत्त नसते. नव्या इमारतीला खर्च किती आला? वर्गणी कितीदा मागणार? शाळेतल्या शिपायाला पगार किती मिळतो? आमच्या आवडत्या फादरांची बदली कोणी ठरविली? बिशपांना एवढे पत्र लिहिले, त्याचे पुढे काय झाले? असे प्रश्न तेथे निघतात. यांतील कोणती तक्रार खरी आणि कोणती ऐकीव, याचा निवाडा आम्ही आज करणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. ही कुजबुज आवाराच्या फाटकाशीच का विरते?

आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. मालकाने मागणी नाकारली म्हणून कामगार एकाएकी बिथरत नाही. नकार कागदावर आला म्हणजे वाटाघाटीला आरंभ झाला, असे तो समजतो. तो बिथरतो तो मागणीपत्राची पोचसुद्धा मिळत नाही तेव्हा. एका धार्मिक न्यासाच्या संस्थेतील कामगारांसाठी आम्ही तीन पत्रे लिहिली. मागणी एवढीच होती की, नेमणुकीचे पत्र द्या. एकाही पत्राला उत्तर आले नाही. चौथ्या खेपेस एक वृद्ध सफाई कामगार म्हणाला, "साहेब, नाही म्हणायला तरी सांगा त्यांना." कॅथलिक समाजाच्या आजच्या वैतागाचे मर्म या वाक्यात आहे. बिशप 'नाही' म्हणतात याचा लोकांना राग नाही. बिशप काहीच म्हणत नाहीत, याचा आहे.

हे मौन ख्रिस्तसभेच्या मूळ स्वभावात आहे काय? मुळीच नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय पाहावा. पहिल्या ख्रिस्ती मंडळीत पहिली तक्रार उठली ती रोजच्या अन्नवाटपाची. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ती तक्रार होती. प्रेषितांनी तक्रारदारांना श्रद्धाहीन ठरविले नाही. त्यांनी सर्वांची सभा बोलाविली, सात माणसे निवडण्यास लोकांनाच सांगितले, आणि लोकांनी निवडलेल्यांवर हात ठेवून त्यांस कामावर नेमले. पुढे ३७४ साली मिलान शहराने आंब्रोज यांना बिशप केले तेही लोकांच्या घोषाने. तेव्हा तर त्यांचा बाप्तिस्माही झाला नव्हता. ते आज संत आहेत.

मग मधल्या काळात बिशप आणि लोक यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. आमच्या वसईत ती जरा निराळ्या रीतीने उभी राहिली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय धर्मगुरू गेले. उरले ते थोडे देशी धर्मगुरू आणि गावोगावचा कष्टकरी ख्रिस्ती माणूस. त्याने श्रद्धा टिकविली आणि भाषाही टिकविली. पुढे बिशप मुंबईत बसत आणि वसईकर दुरून त्यांस मान देत. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तुकोबांवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिणारे थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. २००९ साली फेलिक्स मच्याडो आले, २०२४ साली थॉमस डिसोजा. यांपैकी कोणा एकावर बोट ठेवण्यास आम्ही येथे उभे नाही. व्यक्ती सज्जन असली तरी पद्धत सुधारावी लागतेच. बिशपांच्या दारापर्यंतचे मैलांचे अंतर कमी झाले, हे खरे. अर्ज आणि उत्तर यांमधले अंतर कमी झाले काय, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवाने ठरवावे.

येथे कोणी म्हणेल की, वसईचा ख्रिस्ती माणूस मुळातच मुखदुर्बळ आहे. हे आम्हांस मान्य नाही. १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा हाच वाडीवाला, हीच फुलभाजी विकणारी बाई, पाण्यासाठी आणि जमिनीसाठी दहशतीला न भिता रस्त्यावर आली. जो समाज सरकारी कचेरीवर मोर्चा नेतो, तो चर्चच्या अर्थसमितीच्या बैठकीत तोंड उघडण्यास का बिचकतो? कारण सरकारला प्रश्न विचारणे हे नागरिकाचे काम, आणि बिशपांना प्रश्न विचारणे हे पाप, अशी शिकवण कोणी न देताही आमच्या हाडीमांसी मुरलेली आहे. उद्या मुलीच्या लग्नाला याच फादरांचा दाखला लागणार, नातवाला याच शाळेत घालायचे, ही धास्ती त्यात मिसळते.

परंतु कायदा काय सांगतो? सरकारचा नव्हे, ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांना प्रौढ मानले. तिच्या विचारांना धरून १९८३ साली नवी धर्मसंहिता आली. तिच्या २१२ व्या कलमाप्रमाणे, ख्रिस्तसभेच्या हिताविषयी आपले मत धर्माधिकाऱ्यांना आदरपूर्वक कळविणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे, आणि प्रसंगी ते कर्तव्यही आहे. ५३७ व्या कलमाने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची केली. १२८७ व्या कलमाने सांगितले की, लोकांनी जे दान दिले त्याचा हिशेब कारभाऱ्यांनी स्थानिक नियमांप्रमाणे लोकांना द्यावा. याखेरीज महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहेच. म्हणजे हिशेब मागणारा बंडखोर नाही. तो नियम पाळणारा माणूस आहे.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ख्रिस्तसभा ही युनियन नव्हे, श्रद्धेची तत्त्वे बहुमताने ठरत नाहीत, बिशप हे मेंढपाळ आहेत, मॅनेजर नव्हेत, असे ते म्हणतात. हे आम्हांस मान्य आहे. त्रैक्याच्या सिद्धांतावर हात वर करून मतदान घ्या, असे कोणी म्हटलेले नाही. पण सभागृहाच्या छपराचा ठेका कोणास दिला, हे त्रैक्याचे गूढ नाही. धर्मसंहितेप्रमाणे या समित्यांचा अधिकार सल्ल्यापुरता आहे, हेही आम्ही जाणतो. तथापि सल्ला घेणे म्हणजे सल्ला ऐकणे, आणि तो न पटल्यास का पटला नाही हे सांगणे. एवढे झाले तरी निम्मी कटुता जाईल.

मौनाची किंमत काय होते, हे केरळात दिसले. जालंधरच्या बिशपांवर एका धर्मभगिनीने गंभीर आरोप केला. ख्रिस्तसभेतील वरिष्ठांकडे दाद मागून ती मिळेना, तेव्हा सप्टेंबर २०१८ मध्ये तिच्या सोबतिणी कोचीत उच्च न्यायालयानजीक धरणे धरून बसल्या. खालच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये बिशपांना निर्दोष सोडले. न्यायालयाच्या कामात आम्ही पडत नाही. परंतु मठात राहणाऱ्या स्त्रियांना न्याय मागण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, ही गोष्ट कोणत्याही निकालाने पुसली जात नाही. त्याच केरळात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या आयोगाने २००९ साली चर्चच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी कायदा सुचविला होता. बिशपांनी विरोध केला, कायदा झाला नाही. पण घरात हिशेब मिळेनासा झाला म्हणजे लोक सरकारच्या दारात जातात, ही सूचना त्यात होती.

कामगारांच्या बाबतीत तर रोमने आमच्याआधी बोलून ठेवले आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या परिपत्रकात कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोपांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, ते त्याच परिपत्रकाची आठवण ठेवून. जी ख्रिस्तसभा गिरणीमालकाला हा उपदेश करते, तिने तो आपल्या शाळेच्या शिपायाला आणि इस्पितळाच्या आयेलाही लागू केला पाहिजे.

मग करावे काय? निनावी पत्रके काढू नयेत. त्यांनी काम होत नाही, फक्त संशय वाढतो. पहिली गोष्ट, प्रत्येक धर्मग्रामाने वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लावावा आणि वर्षातून एकदा सभेत वाचावा. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने साध्या सभासदाला युनियनच्या वह्या पाहण्याचा हक्क दिला होता. त्यामुळे आमच्या संघटना मोडल्या नाहीत, उलट टिकल्या. दुसरी, समित्यांतील काही माणसे तरी लोकांनी निवडावी, आणि त्यांत स्त्रिया व मजुरी करणारे असावेत. केवळ कंत्राटदार आणि निवृत्त अधिकारी नकोत. तिसरी, बिशपांच्या कचेरीत आलेल्या प्रत्येक सहीच्या पत्राला पोच मिळावी आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. आणि चौथी आमच्यासाठी: पत्राखाली सही करावी, भाषा सभ्य ठेवावी, आकडा खरा लिहावा.

ही मागणी आज काळाला धरून आहे. रोममध्ये भरलेल्या सिनोदात २०२३ साली प्रथमच प्रापंचिक स्त्रीपुरुषांनी मत दिले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याने जो अंतिम दस्तऐवज मान्य केला, त्यात पारदर्शकता आणि उत्तरदायित्व यांवर भर आहे. त्याची अंमलबजावणी कशी झाली, हे पाहण्यासाठी ऑक्टोबर २०२८ मध्ये रोमला सभा भरणार आहे. तेथे वसईच्या नावावर काय लिहिले जाईल, ते आमच्या बिशपांवर जितके अवलंबून आहे तितकेच आमच्यावर आहे. आमची मुले शिकली आहेत. ती भांडत बसत नाहीत. ती मुकाट्याने मिस्सेला येणे सोडतात. त्यांच्या जाण्याचा आवाज होत नाही, म्हणून ते कोणाला भांडण वाटत नाही. बिशपांनी आणि आम्ही, दोघांनीही भ्यावे ते याला.