मेंदूतील खूण आणि गुन्ह्याचा न्याय

(माधव नगर, उज्जैन येथील व्याख्यान)



हिंसक गुन्हेगाराच्या मेंदूत एखादी जैविक खूण सापडते का, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा वाटतो. पण त्या खुणेचा अर्थ शेवटी शब्दांतच लावावा लागतो. म्हणून तो लेखक-शिक्षकांचाही आहे.

१९६८ साली मुंबई पोलिसांनी रमण राघवला पकडले. उपनगरांतील झोपड्यांत आणि पदपथांवर झोपलेल्या गरिबांचे त्याने खून केले होते. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मनोविकारतज्ज्ञांनी त्याला तपासले. तेव्हा सीटी स्कॅन अजून आलेले नव्हते. त्याच्याशी अनेक बैठकांत बोलून डॉक्टरांनी जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान केले. पुढे १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली. ज्या खुणेने हा निकाल फिरला, ती त्याच्या बोलण्यात सापडली होती.

यंत्रे नंतर आली. १९९७ साली एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ४१ खून-आरोपींच्या मेंदूची तुलना ४१ इतर व्यक्तींशी केली. आवेगांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग आरोपींमध्ये सरासरीने मंद आढळला. यातला 'सरासरी' हा शब्द विसरू नये. वर्गाच्या सरासरीवरून एका विद्यार्थ्याचे गुण सांगता येत नाहीत, हे शिक्षकांना ठाऊकच आहे.

आपला कायदाही केवळ रोगाच्या नावावर थांबत नाही. दंड संहितेचे कलम ८४, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२, एवढेच पाहते: आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे, हे त्या क्षणी मनोविकारामुळे त्याला कळत नव्हते काय? महिन्यांनी काढलेला स्कॅन त्या क्षणाची साक्ष देऊ शकत नाही.

मग भीती कसली? १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारधी, कंजर अशा कितीतरी समाजांवर जन्मताच शिक्का मारला. १९५२ मध्ये कायदा गेला. शिक्का मात्र आपल्या बोलण्यात राहिला. उद्या स्कॅनचे चित्र त्याची जागा घेऊ नये.

'त्याचा मेंदूच गुन्हेगाराचा' असे वाक्य कथेत लिहिताना किंवा वर्गात उच्चारताना एक गोष्ट ध्यानात असावी: स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसे कधीच कुणावर हात उगारत नाहीत. आपले ते वाक्य त्यांच्याही घरात ऐकू जाते.