लुगडे, फेटा आणि पाहुणा

(पर्यटनस्थळांच्या परिसरातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या भागात येणाऱ्या प्रवाशाला, विशेषतः परदेशी पाहुण्याला, आपला वेश अंगावर घालून पाहण्याची मोठी हौस असते. या हौसेकडे आपण आजवर छायाचित्रापुरतेच पाहत आलो. आम्हा प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांचा त्यात वाटा आहे, हे प्रथमच कबूल करतो.

काही वर्षांपूर्वी परदेशी शिक्षिकांचा एक गट घेऊन मी एका खेड्यात गेलो होतो. सोबत शहरातून भाड्याने आणलेल्या, तयार शिवलेल्या नऊवारी होत्या. कापड कृत्रिम धाग्याचे, काठ छापील. पायजम्यासारख्या चढवल्या की काम झाले. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथील सत्तरीच्या आजी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘सायेब, ही झूल कुणासाठी आणलीत?’’ मग त्यांनी ट्रंकेतून आपले इरकली लुगडे काढले आणि एका पाहुणीला समोर उभे करून ते नेसवले. अर्धा तास लागला. त्या बाईंनी पदर हातात घेऊन मला विचारले, ‘‘हे कोणी विणले?’’ मला उत्तर देता आले नाही. माझ्याकडे गावाच्या माहितीची चार पाने होती; त्यांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मित्रहो, ते उत्तर असे आहे. इरकल, म्हणजे कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यातील इळकल, येथील विणकर हे लुगडे विणतात. पारंपरिक प्रकारात अंगाचे सूत सुती असते आणि पदराचे रेशमी. पदराचा ताणा अंगाच्या ताण्यात एकेक फास अडकवून जोडावा लागतो. मराठी शेतकरी घरांतील बायकांनी हे वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या आपले मानले आहे. एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात. परंतु तेवढ्याने पाहुण्याच्या अंगावरील कापड वेगळे होते.

नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. ना टाचणी, ना नाडी, ना परकर. कमरेशी गाठ, समोर निऱ्या, मागे खोचलेला काष्टा आणि उरलेला पदर खांद्यावरून. नेसणाऱ्या पाहुणीला पहिली शंका येते ती ‘हे सुटणार तर नाही ना?’ अशी. तिला मांडी घालून बसायला सांगावे, चार पायऱ्या चढायला सांगावे. भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करता यावी, म्हणून हे नेसणे असे आहे, हे तिला न सांगता कळेल. मच्छीमार कोळणी तेच लुगडे गुडघ्यापर्यंत घट्ट नेसतात, तर ब्राह्मणी पद्धतीत ते घोट्यापर्यंत येते. शिवलेल्या नऊवारीत यांतले काहीच कळत नाही, कारण तिथे नेसणेच उरलेले नसते. (लग्नसमारंभात आपल्या मुली घाईपोटी ती घालतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी पाहुण्यांविषयी बोलतो आहे.)

पैठणीची गोष्ट थोडी वेगळी. ती सर्वांना अंगावर घालायला देण्याइतकी स्वस्त नाही आणि देऊही नये. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात; पदर भरगच्च असेल तर वर्षही जाते. मात्र वेरूळ-अजिंठ्याला येणारा प्रवासी पैठणपासून किंवा येवल्यापासून फार दूर नसतो. त्याला मागावर न्यावे, पदर उलटा करून दाखवावा. हातमागाच्या खऱ्या पैठणीत मोर, मुनिया, आसावली यांची नक्षी मागील बाजूनेही तशीच सफाईदार दिसते. यंत्रमागाच्या नकलेत बहुधा मागे सुटे धागे लोंबतात. अजिंठ्याच्या चित्रांतील कमळ पाहून आलेल्या माणसाला पदरावरचे कमळ ओळखता येते आणि तो स्वतःच बोलू लागतो. पैठणीला 2010 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तरी नकलेचा बाजार थांबलेला नाही. पदर उलटवून पाहायला शिकलेला एक ग्राहकसुद्धा विणकराच्या उपयोगी पडतो.

फेट्याविषयी थोडक्यात सांगतो. टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा तयार फेटा पाहुण्याला देऊ नये. कापड त्याच्यासमोर उलगडावे, तुरा आणि शेमला कसा सोडतात ते दाखवावे. बांधणारा माणूस आपल्या प्रत्येक गावात असतो. त्याला मान असतो, मोबदला मात्र क्वचित मिळतो.

आता व्यवस्थेचे. पंचायतीने एक स्वच्छ खोली, एक मोठा आरसा आणि दहा-बारा हातमागाची सुती लुगडी ठेवली तरी आरंभ होतो. सुती यासाठी, की ती प्रत्येक वापरानंतर धुता येतात. घेताना हातमागाचे चिन्ह पाहून घ्यावीत. हे चिन्ह 2006 पासून दिले जाते. नेसवण्याचे काम रोज लुगडे नेसणाऱ्या बायकांकडेच असावे आणि त्यांचा मोबदला दारावरील फलकावर लिहिलेला असावा. तो मध्यस्थाच्या हातून जाऊ नये. पाहुणीसोबत त्यांचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर आधी त्यांना विचारावे. पाहुणे खूश असले की ही गोष्ट हटकून विसरली जाते. शिक्षकांना माझी विनंती अशी, की प्रत्येक लुगड्याची एक चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्यावी: कोठे विणले, धागा कोणता, कोणत्या प्रसंगी नेसतात. त्यासाठी मुलांना आपल्या आजीलाच विचारावे लागेल.

त्या खेड्यातून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. निघण्यापूर्वी आजींनी पाहुणीला लुगडे स्वतःच्या हाताने नेसायला लावले. दोनदा काष्टा सुटला, तिसऱ्यांदा टिकला. नंतर तिने ते सोडले, आजींनी दाखवले तसे मूळच्या घडीवर घडी घातली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवले. भाड्याच्या नऊवारी मी पिशवीतून न काढताच परत नेल्या.