बोटभर उंचीचा शिपाई

(संस्थेच्या शिक्षकांसमोर छंदवर्गाच्या निमित्ताने दिलेल्या भाषणाचा मजकूर)

वाचकहो, हे भाषण झाले तेव्हा समोरच्या टेबलावर चार-पाच आकृत्या मांडलेल्या होत्या आणि श्रोत्यांना त्या हातात घेऊन पाहता येत होत्या. छापील पानावर ती सोय नाही. म्हणून बोलताना जे आकडे मी गाळले होते ते येथे घातले आहेत. एक फूटपट्टी जवळ ठेवून वाचल्यास विषय लवकर ध्यानात येईल.

विषय आहे सैनिकांच्या लहान, प्रमाणबद्ध आकृत्या घडविण्याचा व रंगविण्याचा. दिवाळीच्या किल्ल्यावरील मातीचे मावळे आपल्या मोहल्ल्यातील मुलांनीही पाहिलेले आहेत. ते गोजिरे दिसतात, पण त्यांना माप नसते. मावळा कधी कधी बुरुजाहून उंच असतो, आणि खेळात त्याने काही बिघडत नाही. मी ज्या छंदाविषयी बोलतो आहे तो मात्र मापावर उभा आहे.

हा प्रकार तसा फार जुना. इजिप्तमध्ये असयूत येथील मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी शिपायांच्या दोन तुकड्या सापडल्या, ४० भालाईत व ४० तिरंदाज; त्यांना सुमारे चार हजार वर्षे झाली. युरोपात अठराव्या शतकापासून न्युरेंबर्ग शहरी कथलाचे चपटे शिपाई बनू लागले. पुढे १८९३ साली इंग्लंडमधील विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ शिपाई ओतण्याची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतावयाचा आणि लगेच साचा उलटा करावयाचा, म्हणजे कडेला थिजलेले पातळ कवच तेवढे राहते. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. या कारखान्याच्या यादीत 'बॉम्बे लान्सर्स', 'स्किनर्स हॉर्स', बिकानेरचे उंटदळ अशा आपल्याकडील पलटणीही होत्या. त्यांत शिसे असे, आणि मुलांच्या तोंडात शिसे जाणे किती घातक हे लोकांना पुढे उमगले. ब्रिटन कंपनीने १९६६ साली शिशाचे शिपाई बंद केले. शाळेत कोणीही हौसेने शिसे वितळवू नये, हे मी येथेच सांगून ठेवतो.

आता एक प्रश्न, जो आपल्या समाजात हा विषय काढला की पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो : माणसाची आकृती घडविणे दुरुस्त आहे काय? मी आलिम नाही, आणि फतवा देणे हे माझे काम नाही. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत असत आणि रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना मना केले नाही, हा उल्लेख हदीसच्या ग्रंथांत आहे. त्यावरून अनेक उलमांनी मुलांच्या खेळण्यांना सवलत दिली. काहींनी दिली नाही. ज्या पालकांचे मन धजत नाही त्यांच्या मुलाने तोफ करावी, गाडी करावी, जंजिऱ्याच्या कोटाचा बुरूज करावा. माप, निरीक्षण आणि सब्र या तिन्ही गोष्टी तेथेही तेवढ्याच लागतात. या कारणावरून वर्गात एखाद्या मुलाला कानकोंडे करू नये, इतकेच शिक्षकाने पाहावे.

मापाकडे वळू. या छंदातील नेहमीचे प्रमाण १:३२ हे आहे. ५ फूट ८ इंच उंचीचा माणूस म्हणजे साधारण १७२८ मिलिमीटर. त्याला ३२ ने भागा, ५४ मिलिमीटर येतात. म्हणूनच या आकृत्यांना '५४ मिलिमीटरच्या' असे म्हणतात. १:३५ हे प्रमाण रणगाड्यांच्या प्लॅस्टिक प्रतिकृतींबरोबर चालते, त्यात हाच माणूस ४९ मिलिमीटरचा होतो. १:७२ मध्ये अवघा २४ मिलिमीटरचा. नवशिक्याने ५४ च्या खाली जाऊ नये, डोळे आणि उत्साह दोन्ही जातात.

गणिताच्या शिक्षकांनी या भागाकाराचा उपयोग जरूर करावा. पहिल्या महायुद्धातील ली-एन्फिल्ड रायफल ४४.५ इंच लांब होती, म्हणजे ११३० मिलिमीटर. आपल्या आकृतीच्या हातात ती ३५ मिलिमीटरची हवी. वहीच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. तिला ३२ ने गुणा, सव्वातीन मिलिमीटर झाले. सदऱ्याचे कापड इतके जाड कधी असते काय? चामड्याचा कमरपट्टा मात्र असतो. तेव्हा कागदाची पट्टी कमरपट्ट्याला चालेल, सदऱ्याच्या काठाला चालणार नाही. असे एक उदाहरण मुलाने स्वतः सोडविले की त्रैराशिक त्याच्या बोटांत उतरते.

परंतु आकृती कोणाची करावयाची? माझ्या मते खरा विषय येथून सुरू होतो. बाजारात 'हिंदी शिपाई' म्हणून जे मिळते त्यात बहुधा एकच दाढीवाला, एकाच प्रकारच्या फेट्याचा माणूस असतो. तो कोण, कोणत्या पलटणीचा, कोठला, याचे उत्तर त्यात नसते. म्हणून मी एक नाव सुचवितो : शिपाई खुदादाद खान, १२९ वी बलुची पलटण.

ही पलटण मूळची जुन्या मुंबई सैन्यातील. खुदादाद खान पंजाबातील चकवाल भागातले. १९१४ च्या शरद ऋतूत ही पलटण फ्रान्समध्ये उतरली आणि तेथून बेल्जियमच्या आघाडीवर गेली. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी होलेबेके गावाजवळ जर्मनांचा मोठा हल्ला झाला. पलटणीच्या दोन मशीनगन होत्या. एक तोफगोळ्याने निकामी झाली, तुकडीचा इंग्रज अधिकारी जखमी झाला. खुदादाद खान स्वतः जखमी असताना दुसरी मशीनगन चालवीत राहिले, आणि तुकडीतील इतर पाचही जण मारले जाईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. शत्रूने त्यांना मेले समजून टाकले. ते सरपटत आपल्या माणसांत परत आले. व्हिक्टोरिया क्रॉस हे पदक हिंदी सैनिकांना खुले झाले १९११ साली, आणि ते मिळविणारे पहिले हिंदी सैनिक खुदादाद खान. पुढे ते सुभेदार झाले आणि १९७१ साली वारले.

त्यांचा अभिमान बाळगावा काय, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारील, आणि त्याने विचारावेच. ते ज्या साम्राज्यासाठी लढले ते त्यांचे नव्हते. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्की सुलतानाने, जे त्या वेळी खलिफाही होते, इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. जानेवारी १९१५ मध्ये रंगून येथे १३० व्या बलुची पलटणीतील सैनिकांनी बंड केले. शेजारचा क्रमांक, एकाच मुलखातील माणसे, आणि दोन वाटा. कोणाची वाट बरोबर याचा निवाडा ५४ मिलिमीटरच्या आकृतीत मावणार नाही. इतिहासाच्या तासाला तो प्रश्न मांडावा, आणि आकृती टेबलावर समोर ठेवून मांडावा. पाठ्यपुस्तकातील एका ओळीपेक्षा मुले तेथे अधिक वेळ थांबतात, असे मला वाटते.

पोशाख ठरविताना पहिला मोह रंगाचा. संचलनाच्या पोशाखात बलुची पलटण गडद हिरवा अंगरखा आणि लाल विजार घालीत असे. फार सुंदर दिसते, पण होलेबेकेच्या खंदकात लाल विजार नव्हती. तेथे खाकी होती, आणि तीही उष्ण हवेसाठी शिवलेली सुती. बेल्जियमच्या थंडीत ती पुरेशी नव्हती. गरम कपडे सर्वांना मिळायला वेळ लागला. आकृतीच्या खांद्यांत किंचित आखडलेपणा दाखविता आला तर तो खोटा ठरणार नाही.

डोक्याकडे लक्ष द्या. पंजाबी मुसलमान व पठाण शिपाई कुल्ल्यावर पगडी बांधीत. म्हणजे मधोमध निमुळत्या टोपीचे टोक दिसते आणि भोवती पगडीचे वेढे. शीख शिपायाच्या पगडीत कुल्ला नसतो. पायांना पोटरीभर गुंडाळलेल्या पट्ट्या असत. इंग्रजीतील शब्द आपल्याच 'पट्टी'वरून गेला. पायदळाचा शिपाई ती घोट्यापासून वर गुंडाळी, घोडेस्वार गुडघ्यापासून खाली. त्यामुळे पट्टीचे टोक कोठे बांधले आहे एवढ्यावरून जाणकार माणूस शिपायाचे दल सांगतो. आधाराला त्या काळची छायाचित्रे पाहावीत. गर्डवुड नावाच्या छायाचित्रकाराने १९१५ साली फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांची पुष्कळ चित्रे घेतली, ती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतील काही मुद्दाम जुळवून घेतलेली आहेत, तेव्हा पोशाखासाठी ती उपयोगी, लढाईच्या देखाव्यासाठी सावधपणे पाहावीत.

आता हाताचे काम. विजेच्या वायरमधील तांब्याची तार घ्या, तिचा सांगाडा वळवा. माणसाचे डोके उंचीच्या साडेसातव्या हिश्शाएवढे, म्हणजे आपल्या मापात सुमारे ७ मिलिमीटर. पाय साधारण निम्मे. पसरलेल्या हातांची लांबी उंचीइतकी. मशीनगनमागे बसलेला माणूस बैठकीपासून टाळूपर्यंत सुमारे २८ मिलिमीटर भरेल. या तारेवर नळदुरुस्तीला वापरतात ते एम-सील लावावे. दोन्ही भाग सारखे घेऊन, हातमोजे घालून मळावे. आधी उघडे शरीर करावे, ते टणक झाल्यावर कपडे चढवावेत. थेट कपड्यांपासून सुरुवात केली की आत माणूस नाही हे लगेच कळते. सुई, दातकोरणी आणि बोटाला पाणी, एवढी हत्यारे पुरतात.

कापडाच्या चुण्या उगाच ओरखडू नयेत. कापड जेथे ताणले जाते तेथून चुणी निघते : काखेतून, वाकविलेल्या कोपरातून, गुडघ्याच्या मागून. आपला स्वतःचा सदरा घालून आरशासमोर त्या स्थितीत बसावे आणि पाहावे. याहून स्वस्त पुस्तक नाही.

रंगकाम हा मला सर्वांत आवडणारा भाग. भर उन्हात उभ्या माणसाच्या अंगावर जी सावली पडते ती बोटभर आकृतीवर खोलीच्या उजेडात पडत नाही. चुण्यांची खोली फारच थोडी असते. म्हणून ती सावली आपण रंगाने घालावयाची असते. उजेड वरून येतो असे धरावे. प्रथम करड्या रंगाचा पातळ हात द्यावा, त्यावर मूळ रंग, मग खळग्यांत गडद छटा, उंचवट्यांवर फिकी. रंग दुधासारखा पातळ हवा, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात द्यावेत. लोक सर्वांत बारीक ब्रश मागतात. वास्तविक ० किंवा १ क्रमांकाचा, पण टोकदार ब्रश बरा, कारण त्यात रंग टिकतो आणि टोकापर्यंत पोचण्याआधी वाळत नाही.

'खाक' म्हणजे माती, त्यावरून खाकी. आणि मातीसारखाच हा रंग एक नसतो. नवा कपडा वेगळा, धुतलेला वेगळा, खांद्यावर उन्हाने विटलेला आणखी वेगळा. एकाच बाटलीतील खाकी पगडी, सदरा, पट्टी या सर्वांना फासली की शिपाई गणवेशाच्या दुकानातून आल्यासारखा दिसतो. पट्टी लोकरी, सदरा सुती. एकात थोडा हिरवा मिसळा, दुसऱ्यात थोडा पिवळा. काळा आणि शुभ्र पांढरा हे रंग डबीत बंद ठेवलेले बरे.

चेहऱ्याविषयी थोडे अधिक सांगतो. आयात केलेल्या पुस्तकांत त्वचेचे जे मिश्रण दिलेले असते ते गोऱ्या माणसाचे. आपला माणूस रंगविताना त्यात काळा घालून भागत नाही, चेहरा राखेसारखा मेलेला दिसतो. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांपासून सुरुवात करावी. सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये निळ्याचा थेंब. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, खालच्या ओठाखाली. उजळ भागासाठी ऑकर आणि अगदी थोडा पांढरा. नाकाचा कणा, गालाचे हाड, भुवयांच्या वरचा भाग. केवळ पांढऱ्याने उजळले तर खडू लागल्यासारखे होते. डोळ्याची फट या मापात जेमतेम १ मिलिमीटर, बुबुळ त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. तेव्हा बटणासारखे वटारलेले डोळे काढू नयेत. वरच्या पापणीची एक तपकिरी रेघ आणि खाली बुबुळाचा ठिपका एवढ्यावर माणूस पाहू लागतो. मशीनगनच्या लोखंडाला चांदीचा रंग लावू नये. गडद करड्यावर पेन्सिलच्या शिशाची भुकटी बोटाने घासावी.

राहिला तळ. लाकडाचा तुकडा, त्यावर उरलेले एम-सील, बारीक रेती आणि डिंक, फ्लँडर्सच्या चिखलासाठी गडद तपकिरी रंग. आकृतीच्या पट्ट्यांवर आणि गुडघ्यांवर तोच चिखल यावा, नाही तर माणूस एका मुलखातला आणि जमीन दुसऱ्या मुलखातली दिसते. धुळीसाठी वरून काचेची बरणी उलटी ठेवावी, कपाटातल्या उन्हापासून दूर.

तळावर नावाची पट्टी लावावी : शिपाई खुदादाद खान, १२९ वी बलुची पलटण, होलेबेके, ३१ ऑक्टोबर १९१४. सन्मानपत्रात त्या इतर पाच जणांचा उल्लेख आहे, त्यांची नावे नाहीत. पट्टीवर चौथी ओळ 'आणि तुकडीतील पाच साथी' अशी घालावी. अक्षरे लहान काढली तर २ सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत चारही ओळी बसतात.