वसंतांतला घाम
(महोत्सवप्रसंगीं तरुण मंडळींपुढें केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं खेळाविषयीं दोन शब्द बोलावे अशी आम्हांस आज्ञा झाली, तेव्हां प्रथम संकोच वाटला. देवालयाच्या महोत्सवांत चेंडूची कथा कशी शोभावी? परंतु नोत्र दाम हें नांव आठवलें व संकोच गेला. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतलें हें विद्यापीठ पवित्र क्रूस संघाचे फ्रेंच धर्मगुरु फादर एडवर्ड सोरीन यांनीं १८४२ सालीं स्थापून देवमातेच्या चरणीं वाहिलें.

तेथील फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. चेंडू लांबट, तो हातीं धरून धांवावयाचें, हातानें फेंकावयाचा, आणि समोरच्यानें अंगावर झेप घेऊन धांवणाऱ्यास पाडावयाचें. सामने शरद ऋतूंत होतात. पण बर्फ वितळलें, कीं वसंतांतच सराव सुरू होतो. त्या दिवसांत सामना नाहीं, वाद्यें नाहींत, वृत्तपत्रांत नांव नाहीं. पुतळ्यावर झेप घेऊन त्यास पाडणें, खांदा नेमका कोठें लावावा, पाऊल कसें टाकावें, हेंच पुनः पुनः करावयाचें. शिक्षण पुरें झालेल्यांच्या जागा रिकाम्या झालेल्या असतात; त्या जागीं कोण उभा राहील याची पारख याच काळांत होते. आज तर असे १५च सराव करण्याची नियमानें परवानगी आहे. आपल्याकडे सामना आठ दिवसांवर आला म्हणजे बूट शोधण्यास प्रारंभ होतो! (हंशा)

१९१८ सालापासून तेथील गुरु होते न्यूट रॉक्नी. जन्म १८८८, नॉर्वे देशांत. बालपणींच अमेरिकेस आले, शिकागोच्या टपालखात्यांत नोकरी केली, व बाविसाव्या वर्षीं विद्यार्थी म्हणून नोत्र दाम येथें दाखल झाले. पुढें रसायनशास्त्र शिकवीत असतांच खेळही शिकवूं लागले. त्या काळीं ते कॅथोलिक नव्हते.

१९२२ सालीं त्यांच्या हातीं चार तरुण होते : हॅरी स्टूलड्रेअर, जिम क्राउली, डॉन मिलर व एल्मर लेडन. एकाचेंही वजन १६२ पौंडांहून अधिक नव्हतें. त्यांतील लेडन तर भक्कम गड्याच्या जागीं आला तो त्या जागेवरचा मूळ गडी जायबंदी झाला म्हणून. बळ थोडें, तेव्हां रॉक्नींनीं लय शिकविली. चौघांनीं एका तालांत जागा बदलावयाची, आणि प्रतिपक्ष सांवरण्यापूर्वींच चेंडू सुटावयाचा. एकाचें पाऊल अर्धा क्षण चुकलें तर सर्व डाव फुकट. अशी लय सामन्याच्या गर्दींत शिकतां येत नाहीं. (ती पुढें इतकी जड गेली, कीं १९२७ सालीं जागा बदलल्यावर एक सेकंद स्तब्ध राहण्याचा नियम आला.)

तरीही १९२२ सालीं नेब्रास्काकडून १४–६ अशी हार झाली. पुढील वर्षीं पुनः नेब्रास्काच, १४–७. त्या सबंध मोसमांतील ती एकच हार. पण अजिंक्यपद गेलें. चौघांपाशीं आतां एकच वर्ष उरलें होतें.

१९२४ च्या त्या वसंतांत आणखी एक परीक्षा आली. इंडियानांत कू क्लक्स क्लान या संघटनेचा जोर शिगेस पोहोंचला होता. कॅथोलिक, यहुदी, कृष्णवर्णीय, सर्वांविषयीं तिला द्वेष. १७ मे रोजीं विद्यापीठाशेजारच्या साउथ बेंड शहरांत तिचे लोक मेळाव्यासाठीं उतरूं लागले, तेव्हां विद्यार्थ्यांनीं त्यांस गांठलें, अंगरखे हिसकावले, व त्यांच्या कचेरीच्या खिडकींतील विजेच्या दिव्यांचा क्रूस बटाटे मारून फोडला. तरुण रक्तास हें गोड वाटेल. आम्हांसही वाचतांना वाटलें, हें कबूल करतों. दोन दिवसांनीं पुनः दंगा पेटला. त्या रात्रीं विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श स्वतः न्यायालयाजवळ गेले, जमावापुढें उभे राहिले व मुलांना परत फिरण्यास सांगितलें. मुलें परतलीं. आम्हांस त्या दिवसांतील सर्वांत कठीण खेळ हाच वाटतो. एक उणेंही झांकून ठेवणें बरें नाहीं : याच विद्यापीठानें कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रथम प्रवेश दिला तो १९४४ सालीं.

मग शरद आला. १८ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्क येथें लष्करी विद्यालयाच्या संघास १३–७ असें हरविलें. वार्ताहर ग्रँटलंड राइस यांनीं त्या चौघांस संत योहानाच्या प्रकटीकरणांतील चार घोडेस्वारांची उपमा दिली, व तें नांव कायमचें चिकटलें. पण त्यांना वाट करून देणारे पुढच्या फळींतले सात गडी? त्यांस लोक 'सात खेचरें' म्हणूं लागले. त्यांचा व संघाचा नायक अॅडम वॉल्श त्या दिवशीं दोन्ही हात मोडलेल्या स्थितींत खेळत होता. घोडेस्वार थोर कीं खेचरें थोर, यावर संघानें मत घेतलें असतां खेचरें सातास चार मतांनीं विजयी झालीं, असा विनोद सांगतात. (हंशा)

१५ नोव्हेंबर रोजीं नेब्रास्का समोर आलें. ३४–६. दोन वर्षांचें देणें फिटलें.

१ जानेवारी १९२५ रोजीं कॅलिफोर्नियांतील पॅसडिना येथें स्टॅनफर्डशीं शेवटची गांठ पडली. स्टॅनफर्डनें अधिक भूमि आक्रमिली. त्यांचा अर्नी नेव्हर्स एकटाच कोसळत पुढें येत होता. परंतु लेडननें प्रतिपक्षाचा फेंकलेला चेंडू दोनदां मधल्यामध्यें पकडला व दोन्ही वेळां थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला. २७–१०. दहा सामने, दहा विजय, राष्ट्रीय अजिंक्यपद. त्यानंतर पंचेचाळीस वर्षें, १ जानेवारी १९७० पर्यंत, विद्यापीठानें मोसमानंतरचा असा एकही सामना खेळला नाहीं. अभ्यासाची हानि नको, हें कारण. पैसा व कीर्ति दारीं आली असतां नाहीं म्हणणें सोपें नव्हे.

सामन्याच्या दिवशीं आपलीं मुलें पहांटे उठून ख्रिस्तप्रसाद घेण्यास जातात, हें रॉक्नी वर्षानुवर्षें पाहत आले होते. त्यावर त्यांनीं कोणाशीं वाद केला नाहीं. २० नोव्हेंबर १९२५ रोजीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १९२९ व १९३० सालीं त्यांच्या संघांनीं पुनः अजिंक्यपद मिळविलें. ३१ मार्च १९३१ रोजीं कान्सस संस्थानांत विमान कोसळून त्यांचा अंत झाला. ४ एप्रिल, पुनरुत्थानाच्या सणाचा आदला दिवस. नोत्र दामच्या पवित्र हृदयाच्या देवालयांतून त्यांची शवपेटी सहा तरुणांनीं खांद्यावर घेतली. ते सहाही त्यांच्या शेवटच्या अजिंक्य संघांतले गडी होते.