बोबड्या बोलांना घरची साथ
साधारण ६ ते ७ महिन्यांचे मूल ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी एकाच अक्षराची आवर्तने करू लागते, आणि या अर्थहीन वाटणाऱ्या बडबडीला पालकांनी मुलाकडे पाहून लगेच प्रतिसाद दिला, तर संभाषणातील आळीपाळी मूल शब्द येण्यापूर्वीच शिकते. पुढे संयुक्त अवधान, म्हणजे मूल आणि पालक यांचे लक्ष एकाच वस्तूवर असणे, महत्त्वाचे ठरते. मटार सोलताना मुलाने दाणा उचलून ‘गोल’ म्हटले, की ‘हो, हिरवा गोल दाणा’ असा त्या शब्दाचा विस्तार करावा. मोबाइलवरील बडबडगीते या संवादाची जागा घेत नाहीत, कारण पडदा मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. १८ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न आल्यास, ‘बोलेल उशिरा’ अशी स्वतःची समजूत न घालता, बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने श्रवणचाचणी करून घ्यावी.